विरावं कुठं, टिकावं कुठं

मराठीत नाहीसं होण्याला किती शब्द आहेत बघा! साखर विरघळते. पालापाचोळा कुजतो. वापरून वापरून लुगडं विरतं. पायरीचा दगड झिजतो. शंभर वर्षांपूर्वीच्या पोथीचं पान हातात घेतलं तर त्याचा चुरा होतो. आणि पापड सादळतो. म्हणजे तो जागच्या जागीच असतो, पण पापड म्हणून त्याचा काही उपयोग राहत नाही. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यामुळे असेल, पण यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी आलेला मला खपत नाही. 'साखर कुजली' असं कुणी निबंधात लिहिलं असतं तर मी लाल शाईनं खूण केली असती.

हल्ली मात्र या सगळ्यांवर मिळून एकच शब्द चिकटवला जातो - 'बायोडिग्रेडेबल'. शुद्ध मराठीत 'जैवविघटनशील'. पिशवीवर तो, लग्नातल्या चमच्यावर तो, कचऱ्याच्या थैलीवर तो. तो वाचला की आपल्याला बरं वाटतं आणि पुढचं काही विचारायचं राहून जातं. आता हा शब्द औषधांच्या पाकिटापर्यंत येऊन पोचला आहे, म्हणून आज त्याबद्दल लिहायला बसले आहे.

झालं असं, की यंदा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सह्यांसाठी एक निवेदन फिरलं. औषधांची सगळी वेष्टनं प्लास्टिकमुक्त आणि विघटनशील असावीत, आणि गावातल्या दुकानदारांनी तशीच औषधं ठेवावीत, अशी त्यात मागणी होती. लिहिणाऱ्यांचा हेतू उत्तम. आम्हा म्हाताऱ्यांच्या घरातून महिन्याला किती रिकामी पाकिटं बाहेर पडतात ते आमचं आम्हाला माहीत आहे. निवेदनात एक वाक्य होतं - "शरीरात विरघळणारे टाके घालता येतात, तर गोळीचं पाकीट मातीत का विरघळू नये?" वाक्य चटकदार आहे, टाळी घेणारं आहे. मी मात्र सही केली नाही. "बाई, तुम्हीसुद्धा?" असं दोघातिघांनी विचारलं. त्यांना तिथल्या तिथे जे सांगितलं ते अपुरं होतं, म्हणून आता सविस्तर सांगते.

मी विज्ञानाची पदवीधर नव्हे, मराठी घेऊन बीए झालेली. पण वाचता येतं, आणि विचारायला माणसं आहेत. माझी एक जुनी विद्यार्थिनी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या विभागात आहे. तिला दर रविवारी फोन करून मी भंडावून सोडलं.

आधी टाक्यांचं बघू. जखम शिवणं आपल्याकडे फार जुनं. सुश्रुतसंहितेत शिवायला शण, स्नायू, केस असे धागे सांगितले आहेत. आतड्याची जखम असेल तर मोठे काळे मुंगळे चावायला लावून त्यांची डोकी तिथंच ठेवायची, असंही आहे. पुढे पाश्चात्त्य शस्त्रक्रियेत 'कॅटगट' आला. नावात मांजर असलं तरी तो मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून करत. शरीरातली पाचक द्रव्यं तो हळूहळू पचवून टाकत. पण कुणाच्या शरीरात तो किती दिवस टिकेल याचा भरवसा नसे.

मग आले कृत्रिम धागे, आणि त्यांची गोष्ट फार मजेची आहे. पॉलिमर म्हणजे एका तऱ्हेची माळ. छोटे छोटे रेणू मण्यांसारखे एकामागोमाग गुंफलेले. नायलॉनचा जनक वॉलेस कॅरोदर्स यानं १९३०च्या दशकात दह्यात असतं त्या लॅक्टिक आम्लाची माळ गुंफून पाहिली होती. ती पाण्यात टिकेना. पाणी मण्यांमधला दोरा कापून टाकी. त्याच कुळातलं दुसरं आम्ल म्हणजे ग्लायकोलिक, जे उसातही सापडतं. त्याच्या माळेचीही तीच रड. कापड करायचं तर असला माल काय कामाचा? त्यामुळे तो बाजूला पडला. तीसेक वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं, की पोटाच्या आत जो धागा काढायला पुन्हा पोट उघडावं लागू नये, त्यात नेमका हाच गुण हवा! ग्लायकोलिक आम्लाच्या माळेचा 'डेक्सॉन' हा टाक्यांचा धागा १९७०च्या सुमाराला बाजारात आला आणि १९७४ साली दोन्ही आम्लं मिसळून केलेला 'व्हिक्रिल'. आज आपण ज्यांना 'विरघळणारे टाके' म्हणतो ते बहुतेक याच घराण्यातले. त्यांना जंतू खात नाहीत. शरीरातलं पाणी त्यांची माळ सोडवतं. सुटलेले मणी म्हणजे साधी आम्लं, ती पेशींच्या रोजच्या भट्टीत जळून जातात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं.

याच मिश्र माळेला शास्त्रज्ञ 'पीएलजीए' म्हणतात. औषध शरीरात हळूहळू सोडण्यासाठी तिचा उपयोग झाला, आणि तो आमच्या घरानं पाहिला आहे. माझ्या यजमानांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. त्यांना दर तीन महिन्यांनी बेंबीच्या खाली, कातडीच्या आत एक इंजेक्शन मिळे. सुई चांगली जाड, आणि तिच्यातून आत जायची तांदळाच्या लांब दाण्यासारखी एक कांडी. औषधाचं नाव गोसेरेलिन. कांडी याच पीएलजीएच्या जातीची. ती आत राहून झिजत जाई आणि तिच्यातलं औषध रोज थोडं थोडं बाहेर पडे. तीन महिन्यांनी ती काढायला जावं लागत नसे, कारण काढण्यासारखं तिथं काही राहतच नसे.

याचा अर्थ कुंभार्ली घाट चढून कोल्हापूरला वर्षातून चार फेऱ्या. या जातीची औषधं नुसत्या द्रावणाच्या रूपात होती तेव्हा त्यांची इंजेक्शनं रोज घ्यावी लागत. महिन्याला एकदा टोचायची रूपं १९८०च्या दशकाच्या शेवटी आली. रोज एक टोचणी आणि तीन महिन्यांतून एक टोचणी यातला फरक आजारी माणसाला आणि त्याच्या घरच्यांना विचारावा. २०१६ साली ते गेले, पण त्याआधीची चार वर्षं आमची दवाखान्याच्या बाकावर बसण्यात गेली नाहीत. आमची ती वर्षं त्या पाण्यात न टिकणाऱ्या माळेनं वाचवली.

तिचा वेगही ठरवता येतो. ग्लायकोलिक आम्लाचे मणी पाण्याला लवकर जवळ करतात, लॅक्टिकचे जरा नाक मुरडतात. निम्मे-निम्मे घातले तर माळ महिना-दोन महिन्यांत सुटते, लॅक्टिकचे मणी वाढवले की ती अधिक दिवस धरून राहते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी रिस्पेरिडोन या औषधाचे असेच सूक्ष्म गोळे करून दर दोन आठवड्यांनी द्यायचं इंजेक्शन अमेरिकेत २००३ साली मान्य झालं. घरात असा आजारी माणूस असेल तर रोजची गोळी घेतली का नाही यावरून काय प्रसंग उभे राहतात, हे ज्यांनी सोसलंय त्यांना याचं मोल कळेल. मेंदूतली गाठ काढल्यावर त्या पोकळीत कर्करोगाच्या औषधाच्या पातळ चकत्या ठेवतात. त्या १९९६ साली आल्या. त्यांचं पॉलिमर निराळं, ते साबणाच्या वडीसारखं वरून वरून झिजत जातं. त्यामागे रॉबर्ट लँगर आणि हेन्री ब्रेम यांचं काम आहे. कवटी पुन्हा उघडून चकत्या काढायच्या असत्या तर ही कल्पना कुणी बोलूनही दाखवली नसती.

न विरणारी वस्तू आत ठेवली तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. संततिनियमनासाठी दंडात बसवायच्या 'नॉरप्लांट'च्या सहा सिलिकॉन नळ्या अमेरिकेत १९९० साली मंजूर झाल्या. पाच वर्षं काम करायच्या, पण मुदत संपल्यावर त्या काढाव्याच लागत, आणि काढताना अनेक बायकांना फार त्रास झाला. म्हणजे शरीराच्या आत विरणं ही मोठी सोय आहे हे मला पूर्ण मान्य आहे.

पण तिथंही 'विरतं म्हणजे चांगलंच' असं म्हणून चालत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची विरघळणारी जाळी, म्हणजे स्टेंट, लॅक्टिक आम्लाच्याच पॉलिमरचा निघाला होता. अ‍ॅबट कंपनीच्या या 'अ‍ॅबसॉर्ब'ला जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. कल्पना किती सुंदर! वाहिनी उघडी ठेवायची आणि तीनेक वर्षांत आपण निघून जायचं. पण प्लास्टिक धातूपेक्षा कमी ताकदीचं, म्हणून जाळीच्या काड्या जवळजवळ दुप्पट जाड ठेवाव्या लागल्या. आत गुठळ्या होण्याचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त आढळलं. खपही कमी होता. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीनं विक्री थांबवली. आपल्या सरकारनं त्याच वर्षी फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतींना लगाम घातला, तेव्हा विरघळणारा स्टेंट आणि औषध लावलेला धातूचा स्टेंट एकाच किमतीच्या रांगेत बसवले होते. नुसत्या विरघळण्याचे जादा पैसे देऊ नका, असाच त्याचा अर्थ मी घेते. आधी नेमलेलं काम, मग विरणं. काम नीट झालं नाही तर विरण्याचं कौतुक कशाला?

आता पाकिटाकडे वळू. पाकिटाला नेमलेलं काम कोणतं?

हे मी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं. ती म्हणाली, "बाई, आमचं सगळं भांडण पाण्याशी आहे. तुम्ही शिकवलेला 'सादळणं' हा शब्द आम्ही दिवसभर वापरतो, फक्त इंग्रजीत!"

कोकणात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. जुलै महिन्यात आमच्याकडे मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, चपलांवर बुरशी येते. गोळी तरी याला अपवाद कशी असेल? अ‍ॅस्पिरिनची जुनी बाटली उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजा की हवेतल्या ओलाव्यानं गोळी मोडली. अ‍ॅस्पिरिनचा रेणू पाण्यानं तुटतो तेव्हा त्यातून व्हिनेगरमधलंच आम्ल सुटतं. गोळी दिसायला तशीच, आत मात्र औषध कमी. डोळ्यांना न दिसणारं हे सादळणं पापडाच्या सादळण्याहून वाईट, कारण पापड तोंडात घातला की कळतं तरी. रक्तदाबाची गोळी सादळलेली होती हे कशावरून कळणार?

म्हणून औषध बाजारात आणण्याआधी ते त्याच्या पाकिटासकट तपासतात. उष्ण आणि अति दमट देशांसाठी ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात महिनोन्‌महिने ठेवायचं आणि मधूनमधून गोळी काढून औषध किती उरलं ते मोजायचं. पाकिटावरची मुदतीची तारीख अशी ठरते. म्हणजे ती तारीख नुसत्या गोळीची नसते, ती गोळी आणि पाकीट या जोडीची असते. पाकीट बदललं की ती परीक्षा पुन्हा.

आणि पाकिटाचा प्लास्टिकचा भाग म्हणजे बहुधा पीव्हीसी. त्यातूनही थोडा ओलावा आत जातोच. नाजूक औषध असेल तर त्यावर पीव्हीडीसी नावाचा आणखी एक थर देतात, किंवा दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम वापरतात. विघटनशील म्हणून ज्याचं नाव पुढे केलं जातं ते पीएलए, म्हणजे लॅक्टिक आम्लाचीच माळ, ती पीव्हीसीपेक्षाही बरीच जास्त वाफ आत सोडते. शिवाय साठ अंशांच्या आसपास ती मऊ पडते. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात उभा असलेला बंद ट्रक डोळ्यांसमोर आणा.

म्हणून मी म्हणते, की टाक्यांची आणि पाकिटाची तुलना मुळात उलटी आहे. टाक्यानं पाण्याला शरण जायचं असतं. पाकिटानं दोन-तीन वर्षं पाण्याला दारात अडवायचं असतं. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष. कॅरोदर्सच्या वेळी जे कापडासाठी निकामी ठरलं आणि टाक्यांसाठी उपयोगी पडलं, ते पाकिटासाठी पुन्हा निकामी ठरलं तर त्यात नवल काय?

उद्या असा पदार्थ निघणारच नाही असं माझं म्हणणं नाही. काम चालू आहे आणि चालू राहावं. पुण्याच्या प्राज कंपनीनं २०२४ साली जेजुरीला अशा जैविक प्लास्टिकसाठी प्रात्यक्षिक केंद्र उभारलं. उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पीएलए अशी ती वाट आहे. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला याचा आनंदच व्हावा. त्या पीएलएचे पेले करा, ताटल्या करा, जिथं अर्ध्या तासाचं काम आहे तिथं ते शोभेल. पण मधुमेहाच्या, थायरॉइडच्या, हृदयाच्या गोळीचं रक्षण त्याच्यावर सोपवायचं तर आधी त्या दमट कपाटातली परीक्षा पास होऊ दे. शाळेतही आम्ही हेतू चांगला आहे म्हणून मार्क दिले नाहीत.

आता दुसरी बाजू. समजा असं पाकीट मिळालं, तरी मातीत पडल्यावर ते खरंच जाईल का? शरीरात पाणी कायम आहे आणि ३७ अंशांची ऊब चोवीस तास आहे. तरीही शुद्ध पीएलए जायला तिथं दोन-तीन वर्षं लागू शकतात. आपल्या परसातल्या खड्ड्यात काय असतं? पीएलए नीट कुजायला साठ अंशांच्या जवळपासची धग बरेच दिवस टिकवणारा, मुद्दाम उभारलेला खतप्रकल्प लागतो. असे प्रकल्प आपल्या किती गावांत आहेत ते तुम्हीच बघा. समुद्रात आणि नदीत तर ते साध्या प्लास्टिकसारखंच पडून राहतं.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१९ साली एक साधासरळ प्रयोग प्रसिद्ध केला. 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या त्यांनी मातीत पुरून आणि समुद्रात बुडवून ठेवल्या. तीन वर्षांनी बाहेर काढलेल्या पिशवीतून बाजारहाट करता येत होता! दुसऱ्या एका, खत होणाऱ्या जातीची पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत सव्वादोन वर्षांनीही तिचे अवशेष होतेच. म्हणजे एकच वस्तू एका जागी जाते, दुसऱ्या जागी राहते. काही प्लास्टिकमध्ये तर असं काही मिसळतात की उन्हानं त्याचे बारीक तुकडे व्हावेत. त्याला विघटन कशाला म्हणायचं? तो चुरा. युरोपीय संघानं अशा प्लास्टिकवर २०२१ पासून बंदी घातली. आपल्या केंद्र सरकारनंही २०२४ मध्ये नियम दुरुस्त करताना विघटनशील प्लास्टिकनं सूक्ष्म कण मागे ठेवू नयेत अशी अट व्याख्येतच घातली. चांगलं केलं.

"मग बाई, आहे ती पाकिटं तशीच नदीत जाऊ द्यायची का?" हा प्रश्न रास्त आहे, आणि चिपळूणकरानं तो विचारलाच पाहिजे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमच्या घरात कमरेइतकं होतं. औषधांचा खण बुडाला. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लगदा झाला, पाकिटांतल्या गोळ्या मात्र वरून कोरड्या दिसत होत्या. डॉक्टरांनी त्याही टाकून द्यायला सांगितल्या, आणि ते बरोबरच होतं. बाहेर रस्त्यावर चिखलाचे ढीग आणि त्यात गावभरच्या औषधांची पाकिटं चमकत होती. दोन वर्षांनी अळूच्या वाफ्यात खुरपं घातलं तर त्यातलं एक वर आलं. जसंच्या तसं. गोळीला राखणारा हा टणकपणाच मातीला छळतो, हे मला कुणी शिकवायला नको.

महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली प्लास्टिकबंदी आणली तेव्हा औषधांच्या वेष्टनाला त्यातून वगळलं. मला ती सवलत शहाणपणाची वाटते. पण सवलत म्हणजे मोकळीक नव्हे. पाण्याला अडवणारा तो एक थर सोडून बाकीचं काय? दोन गोळ्यांसाठी तळहाताएवढं पाकीट, त्यावर खोका, खोक्यावर चकचकीत प्लास्टिक, आणि दुकानदार वर आणखी एक पिशवी देतो. यातलं गोळीच्या रक्षणाला काय लागतं आणि दुकानात उठून दिसायला काय लागतं? पीव्हीसी आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना असे चिकटवलेले असतात की भंगारवाला त्याला हात लावत नाही. दोन्हीऐवजी एकाच जातीच्या प्लास्टिकचं पाकीट काही ठिकाणी निघालं आहे, ते पुन्हा वितळवता येतं. वस्तू विकणाऱ्यानं तिच्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी हे तत्त्व आपल्या २०१६ च्या नियमांत आहे. मग दुकानात औषध देणाऱ्यानं रिकामं पाकीट परत का घेऊ नये? केरळनं २०२५ मध्ये कोझिकोडपासून उरलेली औषधं गोळा करायला सुरुवात केली. त्यांना जमतं तर आपल्याला का नाही?

निवेदनाला मी माझ्या या मागण्या जोडून दिल्या - औषधाला टेकलेल्या थराला ओलाव्याच्या परीक्षेशिवाय हात लावू नये, त्याबाहेरचं सगळं निम्म्यावर आणावं, आणि पाकिटं व उरलेल्या गोळ्या परत घ्यायची पेटी प्रत्येक दुकानात असावी. काहींना पटलं. काहींना वाटतं, मी विनाकारण फाटे फोडते. असो.

आपण घरच्या घरी काय करू शकतो तेही सांगते. औषध आणायला कापडी पिशवी न्यावी. पावसाळ्यात महिन्याभराच्या गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नयेत. मी आठवड्यापुरत्याच काढते. पाकीट कापताना मुदतीच्या तारखेचा तुकडा शेवटपर्यंत जपावा. 'एसआर', 'एक्सआर' अशी अक्षरं असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुरडू नये, कारण दिवसभर हळूहळू औषध सोडायची तिची रचना आपण एका क्षणात मोडतो आणि सगळं औषध एकदम अंगावर येतं. अशा काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचावाटे तसंच बाहेर पडतं, त्याला घाबरू नये. औषध आत राहिलेलं असतं.

आणि 'विघटनशील' असं कुठं वाचलंत, तर विकणाऱ्याला विचारा : कशानं जातं? कुठं जातं? किती दिवसांत? आणि गेल्यावर मागे काय उरतं? माझ्या यजमानांच्या पोटातल्या त्या तांदळाएवढ्या कांडीला यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. पाण्यानं, शरीरात, तीन महिन्यांत, आणि मागे काही नाही. पिशवीच्या, चमच्याच्या आणि पाकिटाच्या मालकांनी इतकंच सांगावं. ज्याला सांगता येत नाही, त्याच्या मालावर हिरवं पान छापलेलं असलं तरी ते मार्कात धरू नका.